नूतनबाई मरायला तयार नाही

वारलूभाऊने तीन वर्षांत तीन बाया मारल्या. पहिलीला साप चावला, दुसरीने विहीर जवळ केली, तिसरी खोकून खोकून गेली. चौथीसाठी त्याने विष ठरवलं होतं. या सगळ्या बाया म्हणजे एकच नूतनबाई. ती मेली की उठायची, तोंडाचा रंग पुसायची, चहा प्यायची आणि कंपनीच्या गाडीत बसून पुढच्या गावाला मरायला जायची. वारलूभाऊ नाटकं लिहायचा आणि नूतनबाई त्यांत नायिका असायची.

कंपनी वडशाची, श्रीहरीभाऊची. धान कापून झालं की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावागावांत नाटकं लागतात. नाटक ठरवायला आलेली माणसं एकच विचारतात, "रडू येते का?" वारलूभाऊच्या नाटकात ते यायचंच. पण मागच्या हंगामात मुलचेऱ्याकडच्या एका गावात तिसरा अंक सुरू झाला आणि निम्मी माणसं भज्याच्या दुकानाकडे निघाली. श्रीहरीभाऊने अडवलं तर म्हणाली, "बाई मरते ते मालूमच हाय. आमी भजे खाऊन येतो, तवरिक मरन ती."

पूर्वी असं नव्हतं. वारलूभाऊची बायको रंभा होती तोवर त्याच्या नाटकात एकही बाई मेली नाही. तो वाचून दाखवायचा आणि ती लाखोळीची डाळ निवडत ऐकायची. "बाईले मारायचं नाई," ती म्हणायची, "मारायचंच असन त सासूले मारा." हे ती हळू म्हणायची, कारण वारलूभाऊची आई भिंतीपलीकडेच बसलेली असे. मग म्हातारी गेली, आणि तीन वर्षांपूर्वी रंभाही तापाने गेली. मारू नका म्हणणारं घरात कोणी उरलं नाही.

यंदा तालमीच्या पहिल्याच दिवशी विषाचा प्रवेश वाचून झाला तेव्हा नूतनबाईने पाय पसरले आणि सांगून टाकलं, "वारलूभाऊ, मी यंदा मरत नाई."

"काऊन?"

"कटाळा आला. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, किती येळा मरू? माझ्या भाच्यानं भिलाईले खानावळ टाकली, बोलावून राह्यला. यंदाबी मारलं, त मी चालली भिलाईले. मंग मारा कोणाले मारायचं ते."

नूतनबाईने लग्न केलं नव्हतं. स्टेजवरच इतके नवरे झाले की हौस फिटली, असं ती सांगायची.

"नाटकाची गरज हाय बाई," वारलूभाऊ म्हणाला आणि वही घेऊन घरी गेला. पण हात काही वेगळंच करत होता. नूतनबाई विष प्यायची, आणि मग त्याने तिला चार वाक्यं जास्तीची दिली. दुसऱ्या दिवशी आणखी चार. विष पोटात असताना तिला माहेर आठवू लागलं, शाळेची मास्तरीण आठवू लागली, ती गोठ्यातल्या गाईचाही निरोप घेऊ लागली.

श्रीहरीभाऊ वैतागला. "अरे, बाई मरून राह्यली का भाषण देऊन राह्यली?"

"जीव असा लवकर जात नाई, भाऊ."

"कोणाचा? तिचा का तुहा?"



रंगीत तालीम राइस मिलच्या रिकाम्या गोदामात, भर दुपारी ठेवली होती. मिलमधल्या बाया डबे घेऊन पोत्यांवर येऊन बसल्या. त्यांत गुणाबाई पुढे. तिला नाटक आवडलं नाही तर ती तसं नाटक चालू असतानाच सांगायची.

नायिकेच्या नवऱ्याचं काम धनराजकडे होतं. मिशी झकास, आवाज असा की पत्रे थरथरावेत, पण डोक्यात एक वाक्य राहत नसे. आडून प्रॉम्प्टर जे वाचेल ते तो जिवापाड भावनेने म्हणायचा. एकदा प्रॉम्प्टर म्हणाला, "थांब, पान चिकटलं." धनराजने दोन्ही हात पसरून, "थांब! पान चिकटलं!" म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. आपला शब्द बदलू नये म्हणून वारलूभाऊ स्वतःच प्रॉम्प्टर व्हायचा.

तिसरा अंक आला. नूतनबाईने विषाचा लोटा उचलला. त्यात नेहमीसारखा काळा चहा होता. तो तिने तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"आधी मले सांगा," ती म्हणाली. तोंड धनराजकडे, डोळे पडद्याच्या कडेला. "मी जगू का मरू?"

असं वहीत नव्हतं. धनराजने कान पडद्याकडे केला. वारलूभाऊ कुजबुजला, "नूतनबाई, काऊन मजाक करून राह्यले?"

"नूतनबाई!" धनराज गरजला, "काऊन मजाक करून राह्यले?"

पोत्यांवर हसू फुटलं.

"अबे धनराज, गप," वारलूभाऊ दात खाऊन म्हणाला.

"अबे धनराज, गप!" धनराज छातीवर हात मारून म्हणाला, आणि कोणाला गप करायचं ते पाहू लागला.

नूतनबाई हसली नाही. "मी भिलाईले जाऊ का?"

धनराजने पुन्हा कान पडद्याकडे केला.

"बोल ना रे मुडद्या!" गुणाबाई ओरडली. "बाई इचारून राह्यली ना!"

"नका जाऊ," वारलूभाऊ म्हणाला.

"नका जाऊऽ!" पत्रे थरथरले.

"काऊन नको?"

वारलूभाऊने वहीत पाहिलं. वहीत फक्त विष होतं. त्याने वही मिटली.

"तीन वर्षं झाले, मी भाजी करतो," तो हळू म्हणाला. "खारट झाली, का अळणी झाली, सांगाले कोणी नाई. तुम्ही भिलाईले गेले त मी लिवू कोणासाठी? तुम्हाले मारतो ते तुम्ही परत उठता म्हणून. मले तेवढं पाहाचं रायते."

धनराजने ते सगळं म्हटलं. शेवटी शेवटी त्याचाच आवाज फाटला. गुणाबाईने पदर डोळ्याला लावला आणि बाकीच्यांनी तिच्या मागोमाग.

नूतनबाई म्हणाली, "असं असन त बाहीर या. माह्याशी बोलायचं त धनराजच्या तोंडानं नको."

वारलूभाऊ आजवर पडद्यासमोर आला नव्हता. तो आला, बनियनवर, गळ्यात मफलर, बगलेत वही. येऊन उभा राहिला. सगळ्यांना शब्द पुरवणाऱ्याला शब्द पुरवायला कोणी नव्हतं.

नूतनबाईने ओठ न हलवता सांगितलं, "'नूतन, थांब' म्हणा."

"नूतन, थांब."

"नूतन, थांब!" मागून धनराज.

"तू नाई बे!"

गोदाम हसून हसून आडवं झालं. नूतनबाईने लोटा त्याच्या हातात दिला. त्याने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर नाई याच्यात."

"विषात कोण साखर टाकते?"

श्रीहरीभाऊ डोकं धरून बसला होता. "तुमचं झालं चांगलं," तो म्हणाला, "पण माह्या नाटकाचं काय? कोणीतरी मराले पाह्यजे ना!"

वारलूभाऊ लोट्यात पाहत राहिला. "सासू," तो म्हणाला.

सासूचं काम करणारी कमळाबाई ताडकन उठली. "माह्यं काय पाप गा?"

"तुमचं काई नाई बाई. रंभानं सांगून ठेवलं होतं."

कमळाबाई पुन्हा खाली बसली. नूतनबाईने वारलूभाऊच्या बगलेतली वही काढली आणि त्याच्यासमोर उघडून धरली.

"मंग मारा लवकर," ती म्हणाली. "आन तिले गाईचा निरोप घेऊ देऊ नका."