सूर्यभानचे धुतलेले पाय

बहात्तरच्या दुष्काळाचा उन्हाळा, त्यातला पवित्र गुरुवार. येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या संध्याकाळी देवळात फादर गावातल्या बारा जणांचे पाय धुणार होते. देवळाचं काम बघणाऱ्या मास्तरांनी यंदा बारा जणांत सूर्यभानचं नाव घेतलं आणि गडी हरखूनच गेला. किती वर्षं वाट पाहिली होती त्यानं!

पण पाय? दुष्काळी कामावर खडी फोडून भेगाळलेले, काळेकुट्ट. असले पाय फादरांच्या हातात द्यायचे? छे! घरात पाणी जेमतेम अर्धी बादली. टँकर परवा येणार. बायको, रतनबाई, म्हणाली, "आवो, फादर धुनारच हायेत की!" ऐकेल तर शपथ. पठ्ठ्या साबण घेऊन बसला अन् दगडानं टाच घासत सुटला.

तेवढ्यात शेजारची राहीमावशी दारात. म्हातारी एकटी, कामावरून भर उन्हात आलेली, हातात रिकामा तांब्या.

"सूर्यभाना, घोटभर पानी दे रं. घसा सुकला."

बादलीच्या तळाला तांब्याभर उरलं होतं. अन् दुसरा पाय अजून व्हायचा होता.

"न्हाई मावशे," तो दारात येऊन म्हणाला, "टिपूस न्हाई घरात."

"ऱ्हाऊ दे बाबा." म्हातारी वळली, घरातून घागर घेतली आणि मैलभर लांबच्या विहिरीच्या वाटेला लागली.

संध्याकाळी फादरांनी त्याचा पाय हातात घेतला. दुष्काळ म्हणून पाणी चमचाभरच ओतलं, टॉवेलानं टिपलं आणि वाकून पायाचं चुंबन घेतलं. सूर्यभानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय केलं आपण हे? तहानलेलं माणूस दारातून हाकललं, ते या पायांसाठी!

देवळातली मिस्साची प्रार्थना संपताच तो तडक राहीमावशीकडे गेला. चुलीपाशी घागर होती, तळाशी गढूळ पाणी. त्याला बघताच म्हातारी उठली. आल्यागेल्याला आधी पायांवर पाणी द्यायचं, ही तिची जन्माची रीत. तिनं घागर कलती करून तांब्या भरला आणि उंबऱ्यावर ठेवला.

"धुळीतनं आलास. पाय धू, मग आत ये."

सूर्यभानला रडूच कोसळलं. "मावशे, दुपारी घरात पानी हुतं गं. म्या पायावर वतलं."

"ठावं हाय. पाय वलेच हुते की तुजे," मावशी म्हणाली. "धू आता. वाईच जपून वत, लई लांबनं आनलंय."