साडेबारा मीटर

वहीतला एक आकडा शिक्षक वाल्तेर कोन्दार्कोनं खोडरबरानं पुसला, तिथं दुसरा लिहिला आणि वही कासिल्दाबाईसमोर सरकवली.

"घर्षणांक पॉइंट पाच नको, पॉइंट दोन धरा," तो म्हणाला. "रस्ता ओला असेल."

"महिनाभर पाऊस नव्हता, प्रोफे."

शनिवारची दुपार होती. प्रौढांच्या शाळेतली बाकीची मंडळी घरी गेली होती. कासिल्दा बाजारात बटाटे विकायची. छप्पन्नाव्या वर्षी ती पहिल्या बाकावर येऊन बसली, तेव्हा वर्गातल्या सिल्वेरिओ खाटकानं विचारलं होतं, या वयात घर्षण शिकून कुणाला अडवणार आहात? ती सगळ्यांबरोबर हसली होती आणि नंतर वर्षभर गालात कोकाची पानं धरून पुस्तकातली एकूण एक गणितं सोडवत राहिली होती. उतारावरची पेटी, दोरीनं ओढलेला ओंडका, ब्रेक लावलेली लॉरी.

आजचं गणित पुस्तकातलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा देमेत्रिओ संत्र्यांची लॉरी घेऊन खालच्या खोऱ्यातल्या बाजाराकडे उतरत होता. पुढच्या लॉरीत तिचा दीर होता. त्याच्या वेगाचा काटा ताशी छत्तीसवर होता आणि देमेत्रिओ मागून सारखंच अंतर राखून येत होता. दिरानं वळण घेतलं, आरशात पाहिलं, तर मागे नुसता रस्ता. लॉरी कड्याखाली सापडली. ब्रेक गेले असणार, असं सगळे म्हणाले. कासिल्दा दुसऱ्या दिवशी तिथं गेली. चाकं घासत गेल्याचा पट्टा तिनं मोजला, साडेबारा मीटर. पट्टा संपल्यावर कड्यापर्यंत आणखी आठ मीटर रस्ता होता. त्यावर काही नव्हतं.

ब्रेक गेलेल्या गाडीचा पट्टा उमटत नाही, हे तिला तेव्हाही कळलं होतं. पुढचं कळायला शाळेत यावं लागलं. तिनं ताशी छत्तीसचे सेकंदाला दहा मीटर केले होते, उतार वजा केला होता आणि लॉरी किती अंतरात थांबेल ते काढलं होतं. उत्तर आलं होतं साडेबारा.

वाल्तेरनं तेच गणित दोनदा करून पाहिलं होतं. मगच त्यानं खोडरबर उचललं होतं; पॉइंट दोन धरलं की लॉरी कड्याआधी थांबत नव्हती. त्यानं आता ते खाली ठेवलं.

"तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला.

"म्हणजे तो थांबला होता."

"हो."

तिनं मान डोलावली. बोट पट्ट्याच्या टोकावर, पेन्सिलीच्या ठिपक्यावर टेकवलं.

"इथं किती वेळ उभा होता, ते कसं काढायचं?"

वाल्तेरनं फळ्याकडे पाहिलं. जिथं काहीच हलत नाही तिथला वेळ कुठल्याही सूत्रात सापडत नाही, हे त्यानं तिला जमेल तितक्या सौम्यपणे सांगितलं. ती वही मिटून निघून गेली.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. रविवारी सकाळी तो मिनीबसनं त्या वळणापर्यंत गेला आणि उतरला. कासिल्दा रस्त्यात उभी होती. कड्याकडे तोंड, हात घागऱ्यालगत सोडलेले. खालचं खोरं धुक्यानं भरलेलं होतं आणि एकही पाखरू ओरडत नव्हतं.

"रोज येते," ती वळून न पाहता म्हणाली. "या माझ्याशेजारी."

तो गेला. तिनं एका दगडानं त्याच्या बुटांच्या टोकांपुढे मातीत रेघ ओढली, आणि स्वतःच्या पायांपुढेही.

"डोळे मिटा. मी सांगेपर्यंत हलू नका."

हा उतार जेवढा ओढतो, त्याच्या पाचपट घर्षण धरून ठेवतं. हे तो वीस वर्षं शिकवत आला होता. त्यानं डोळे मिटले. आधी वारा ऐकू आला, मग तोही थांबला. मग छातीत काहीतरी पुढं कललं, खाली कुणी शांतपणे नाव घ्यावं तसं. बुटांखाली एक खडा करकरला. आपण पाय उचलला नाही, एवढं त्याला नक्की माहीत होतं.

"उघडा," ती म्हणाली.

बुटांची टोकं रेघेच्या दोन बोटं पलीकडे होती. तिच्या चपलाही.

वाल्तेरला सैल खडी आठवली, झिजलेले तळवे आठवले, डोळे मिटल्यावर माणसाचा तोल जातो हेही आठवलं. यातलं काहीही सांगता आलं असतं. कासिल्दा त्याच्या तोंडाकडे पाहत होती, वर्गात उत्तर तपासून घेताना पाहायची तशी.

"ओढतं," तो म्हणाला.

तिचे खांदे खाली आले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणी तिच्या हातातलं ओझं घ्यावं, तशी ती थोडी वाकली.

"मग त्यानं स्वतःहून सोडला नाही ब्रेक," ती म्हणाली.

वाल्तेरनं तिचा हात धरला. दोघंही कड्याकडे पाठ न फिरवता, एकेक पाऊल चाचपत, मागे मागे चढू लागले.