माझ्या पडद्याची चीर

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. माझी गोष्ट आजवर कुणाला पटलेली नाही, तुम्हालाही पटायची नाही. पण मी सांगणारच.

जन्माने मी सरळमार्गी. शाळेच्या सभागृहात सूचना बोलायचो. एकदा उंचावरून आपटलो, कागदी पडद्याला चीर गेली. खोक्याचं लाकूड बरं म्हणून एका सुतारकाकांनी मला उचलून कारखान्यात आणलं.

त्यांचा मुलगा ठोक्या तिथे ड्रम बडवायचा. टाचणी नावाच्या त्याच्या मैत्रिणीने सहज गिटार मला जोडून पाहिली. त्या चिरेतून जो आवाज निघाला, तो माझाच आहे हे मलाच खरं वाटेना! मग आला कुजबुज्या. दिवसभर दातांच्या दवाखान्यात ‘थोडंसंच दुखेल’ म्हणणाऱ्या या पोराने माइक धरला की वाटे, डोंगर घसा खाकरतोय.

या संगीताला मेटलकोअर म्हणतात. सुसाट धावायचं, एकाएकी थांबायचं, मग एकेक घाव असा घालायचा की जमिनीनेही श्वास रोखावा. आणि त्या ढिगाऱ्यातून टाचणी इतकं गोड गायची की अंगावर काटा यायचा. त्या घावांनी फळ्यांतले खिळे आपण होऊन बाहेर पडत. काकांची पक्कड गंजून गेली. तिथेच कोपऱ्यात सोफे शिवणारी ठोक्याची आत्या मात्र कानात कापूस घालून रोज विचारायची, हे गाणं आहे की गिरणी?

अखेर पहिला कार्यक्रम ठरला. अल्बम काढणारे ऐकायला येणार होते. आवडलं तरच अल्बम निघणार. त्याच सकाळी काकांनी मायेने माझी चीर सरसाने सांधली. सुताराला फट बघवत नाही. टाचणीने तार छेडली, तर बँकेत टोकन पुकारावं तसा स्वच्छ आवाज. तिने गिटार खाली ठेवली. काका मात्र कौतुकाने म्हणाले, “बघा, अगदी नव्यासारखा.” त्यांना खरं सांगायची कुणाची छाती होईना.

मुलं खालमानेने ड्रम टेम्पोत चढवायला गेली. कारखान्यात मी उरलो. मी छाती फुगवली, आणि मित्रांनो, स्वतःचा पडदा स्वतः टराटरा फाडला! संध्याकाळी पहिल्याच घावाला पाहुण्यांच्या कपांचे कान गळून पडले. अल्बम निघाला. आता गावोगावचे नवे स्पीकर माझी नक्कल करू बघतात, आणि मी इथे फळीवर धूळ खातो.

म्हणून सांगतो, जुन्या वस्तूंना जपा. पण दुरुस्त करण्याआधी त्यांचं एकदा ऐकून घ्या. आणि वेळ आली, तर माझ्यासारखं स्वतःचं काळीज...

“पुरे,” सोफ्याला टाके घालता घालता आत्या म्हणाली. “स्वतः फाडलास म्हणे! इतकी सरळ चीर? टाके उसवायचं पातं माझं होतं. आणि हळू बोल जरा. दादा अजून समजतो, त्याच्या सरसानेच अल्बम निघाला.”