तपासणीच्या दिवशी काढलेली किटली

मी किटली बोलतेय. रोजची नव्हे, पाहुण्यांची. रोजचा स्टीलचा थर्मास ओट्यावर असतो. त्याला कुणी काही विचारत नाही आणि त्याच्या मनाला काही लागतही नाही. मला मात्र लागलंय, म्हणून बोलतेय. मान वर करून सांगावं असं माझ्याकडे काही नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी पांढऱ्या चिनी मातीची. पोटावर निळ्या फुलांची वेल, झाकणाच्या काठाला सोनेरी रेघ. बव्हेरियातल्या एका भट्टीतून निघाले आणि १९६१ साली लेमगो गावात वाल्ट्राउट ब्रॉकमायर नावाच्या नव्या नवरीच्या घरी आले. तिच्या सासूनं मला तिच्या हातात देताना बजावलं होतं, "पाहुण्याला कॉफी घरच्या बाईनं स्वतः ओतायची. जी दुसऱ्याकडून ओतवून घेते, तिचं घर तिच्या हातातून गेलं असं समजायचं."

वाल्ट्राउटनं ते चौसष्ट वर्षं पाळलं. वाढदिवस असो, रविवार असो, नाहीतर नवऱ्याला पुरून आल्यावरची कॉफी असो, मी तिच्याच हातात. गळणारा थेंब टिपायला माझ्या तोटीखाली पिवळ्या स्पंजची गुंडाळी रबरानं बांधलेली असे. टेबलक्लॉथवर डाग पडला तर ही बाई दोन दिवस धड जेवत नसे.

आता ती शहाऐंशीची आहे. हात थरथरतात, गुडघे ऐकत नाहीत, म्हणून दोन वर्षांत तिनं कुणाला कॉफीला बोलावलं नव्हतं आणि मला उचललेलं नव्हतं. मुलगी आल्मुट सकाळ-संध्याकाळ अठरा किलोमीटरवरून गाडी चालवत येते. आईला आंघोळ घालते, मोजे चढवते, ओल्या चादरी मशीनला लावते आणि मग औषधाच्या दुकानात आपल्या कामावर जाते. तिचीच साठी जवळ आलीय, कंबर धरलीय. चादरींबद्दल मात्र घरात चकार शब्द काढायचा नाही. मशीन सुरू झालं की वाल्ट्राउट रेडिओ मोठा करते.

शेवटी आल्मुटनं अर्ज केला. आमच्याकडे विम्यातर्फे एक बाई घरी येते. म्हाताऱ्या माणसाला काय जमतं, काय नाही, ते बघते आणि त्यावरून मदतीची पायरी ठरते. पायरी मिळाली की रोज सकाळी आंघोळ घालायला नर्स येणार होती. झाइडेल नावाच्या बाई मंगळवारी अकरा वाजता येतील, असं पत्र आलं.

वाल्ट्राउटनं शनिवारीच मला कपाटातून काढलं. अर्धं पोट पाण्यानं भरलं आणि सिंकपाशी उभी राहिली. उचल, ओत, ठेव. उचल, ओत, ठेव. पहिल्या दिवशी पाणी कपात कमी आणि तिच्या बाहीत जास्त. सोमवारी दुपारी एक अख्खा कप न सांडता भरला. आम्ही दोघीही खूश झालो. हे फक्त तिला आणि मला ठाऊक होतं.

मंगळवारी आल्मुट येऊन बघते तर आई निळ्या सुटात, गळ्याशी ब्रोच, केस सेट केलेले.

"आई, अगं तपासायला येतायत त्या, फोटो काढायला नाही!"

"मग काय भिकारणीसारखी बसू? पाहुणी येतेय घरी."

"पाहुणी नाही गं ती."

"जी माझ्याकडे कॉफी पिते ती पाहुणीच."

झाइडेलबाई स्वभावानं चांगल्या. घाई नाही, चढा आवाज नाही. सकाळी उठायला मदत लागते का, विचारलं. "छे." आंघोळीला? "ज्याची आंघोळ त्यानंच करायची असते ना?" हात मानेमागे नेता येतात का? वाल्ट्राउटनं दात आवळून नेले आणि हसली. केक छान झालाय म्हणाल्या, तर "सकाळीच केलाय" असं ठोकून दिलं. बेकरीचा कागद ओव्हनमध्ये कोंबला होता.

मग झाइडेलबाईंनी जरा हळू आवाजात विचारलं, "लघवीचा काही त्रास? अंथरूण ओलं होतं का कधी?"

वाल्ट्राउटनं माझा कान धरला. "अजून थोडी कॉफी घ्या ना." आणि ओतली. एक थेंब इकडचा तिकडे नाही. झाइडेलबाईंनी ते बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आणि मी? मी टेबलावर मिरवत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनात म्हणत होते.

आल्मुटच्या मांडीवर पर्स होती. पर्समध्ये वही होती. दोन महिने तिनं रोज लिहून ठेवलं होतं: आज किती वेळा पडली, किती चादरी. तिचा हात पूर्ण वेळ पर्सच्या चापावर होता, पण तो चाप काही उघडला नाही. नंतर मला धुताना ती स्वतःशीच पुटपुटली, "किती छान दिसत होती. मलाच वाटलं, खरंच जमत असेल हिला." आणि नळ सोडून रडत राहिली.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पायरी नाही.

वाल्ट्राउटनं ते पत्र शेजारच्या गेर्लिंडेला दोनदा वाचून दाखवलं. "बघ, लेखी दिलंय! मी ठणठणीत आहे." आल्मुटला सांगितलं, "उद्यापासून आंघोळीला येत जाऊ नकोस. कागदच बोलतोय, मी कशाला बोलू?" आणि गुरुवारी गेर्लिंडेला कॉफीला बोलावलं. या वेळी सरावाचं अर्धं पाणी नव्हतं. मला गळ्यापर्यंत भरलं, वाफाळती कॉफी.

दुसरा कप ओतताना तिचं मनगट सुटलं.

माझी तोटी टेबलाच्या कडेवर आपटून टवका उडाला, त्याचं मला काही नाही. पण पोटातली सगळी कॉफी तिच्या मांडीवर गेली. तिनं आधी टेबलक्लॉथकडे बघितलं, "डाग, डाग" म्हणाली, आणि मग किंचाळली. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती. खोटं आम्ही दोघी मिळून बोललो होतो, भाजली मात्र ती एकटी. मी कपाटात गेले ते तोंड भिंतीकडे करून. आल्मुटनंच तसं ठेवलं, आणि मला ते बरं वाटलं.

आल्मुटनं निर्णयावर हरकत घेतली. झाइडेलबाई पुन्हा येणार म्हटल्यावर घरात मोठं भांडण झालं.

"परक्या बाईसमोर माझी लाज काढणार आहेस?"

"आई, मला एकटीला झेपत नाही गं आता."

"मग नको येऊस!"

"आणि तू पडून राहशील ते कोण बघणार? ती किटली?"

कपाटात बसून मी ते ऐकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी मशीन लागल्यावर मात्र रेडिओ मोठा झाला नाही.

काल झाइडेलबाई आल्या. वाल्ट्राउट घरातल्या गाऊनमध्येच होती, केस विस्कटलेले. तरी मला टेबलावर ठेवायला लावलंच तिनं, टवक्यासकट. सवयीनं तिचा हात माझ्या कानापर्यंत आला. खरं सांगते, त्या क्षणीही मला वाटलं, उचलावं हिनं, दाखवावं एकदा. इतकं होऊनही माझी खोड गेलेली नाही. तिनं माझ्या तोटीच्या टवक्यावरून बोट फिरवलं. मग तिनं हात मांडीवर घेतला.

"आल्मुट, तू ओत."

आल्मुटनं आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. चौसष्ट वर्षांत हे वाक्य या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

"ओत म्हटलं ना. आणि ती पर्समधली वही काढ. मला काय माहीत नाही होय? चादरींचं आधी वाच."

आल्मुटनं ओतलं.  मग वही उघडली आणि खाली बघून वाचायला लागली. वाल्ट्राउट माझ्या फुटक्या तोटीकडे बघत ऐकत होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण उठली नाही.

"गेल्या आठवड्यात दोनदा," आल्मुटनं वाचलं.

"तीनदा," वाल्ट्राउट म्हणाली. "बुधवारी मी तुला न सांगता चादर उलटी करून घातली होती. लिहा तुम्ही, तीनदा."

झाइडेलबाईंनी लिहून घेतलं. उत्तर यायचंय अजून. मी पुन्हा कपाटात आहे. तुमच्या घरी आईला बघायला अशी बाई येणार असेल, तर एवढं ऐका माझं. कॉफी साध्या थर्मासमधून द्या, आणि माझ्यासारखीला कपाटातच राहू द्या.