बाळंतिणीच्या खोलीतला बर्फ

२०२२ साली, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, शेखर स्टुलावर चढला आणि त्याने भिंतीवरच्या एसीसमोर तळहात धरला. वारा येत होता, पण अगदी थोडा, आणि खोलीइतकाच कोमट. त्याने हात बदलून पाहिला. खाली पलंगावर हर्षाली बाळाला पाजत होती. ओढणीआड दोघींना घाम फुटला होता.

"थंड नाहीच," शेखर म्हणाला.

"कालपासून असंच आहे."

त्याच्या सासऱ्याने, सुदामने, स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. जावयाच्या वजनापेक्षा जावयाच्या रागाची त्याला जास्त काळजी वाटत असावी.

डोळखांबच्या रस्त्यावरच्या त्या गावात बाळंतिणीच्या खोलीत एसी असलेलं ते पहिलंच घर. शेखर डोंबिवलीचा. हर्षालीला बाळंतपणाला माहेरी पाठवायला तो तयार झाला तो त्याच एका अटीवर, आणि एसीही त्यानेच आणून बसवला. हर्षालीची आई ताराबाई कबूल झाली. तिला लेक हवी होती, पुरता सव्वा महिना. त्यातला निम्मा अजून उरला होता.

"चारपर्यंत चालू झाला तर ठीक," शेखर खाली उतरत म्हणाला. "नाहीतर मामी, मी दोघींना आजच घेऊन जातो. बाळाची मान बघा, घामोळ्यांनी लाल झालीय."

सासूला तो मामी म्हणे. ती दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"आधी पाणी तरी घ्या," ती म्हणाली.

शेखरने रिमोट खिडकीजवळ नेऊन पाहिला. बर्फाच्या फुलाचं चित्र जिथे हवं तिथेच होतं. मग स्टॅबिलायझरचा आकडा पाहिला. दुपारी गावात वीज मंद व्हायची, पण आज तीही बरी होती. मग तो परसात गेला. तिथे भिंतीला टांगलेला बाहेरचा डबा घुमत होता. त्याच्यासमोर ना कपडे वाळत होते, ना पेंढा होता. सुदामने सकाळीच आजूबाजूची जागा झाडून ठेवली होती.

पडवीत हिरी पाय पसरून बसली होती. ती वरच्या पाड्यावरची. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला रोज उतरून यायची आणि दुपार कलेपर्यंत थांबायची.

"जावयबापू, मागं काय शोधताव?" तिने विचारलं. "थंडी आमी चोरली नाय हो. आमच्या पाड्यावर ठेवायला फडताळ नाय."

"गॅस गेला असेल, हिरीमावशी."

"ग्यास तर सुदामच्या पोटात पण होतो. त्याला कुणी डोंबिवलीला नेत नाय."

सुदाम हसला आणि जावयाकडे बघून हसायचं थांबला.

मेकॅनिक साईनाथ शहापूरचा. फोन लागला तेव्हा तो मुरबाडकडे कुणाच्या हळदीत होता, आणि मागे वाजंत्री इतकी जोरात होती की शेखरला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"उद्या येतो, साहेब. आज नाय जमणार. फिल्टर बघितला का?"

"दोन आठवड्यांपूर्वी मी स्वतः धुतलाय."

"तरी बघा एकदा."

ताराबाईने ते ऐकलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. चुलीशेजारी मातीची शेगडी होती, तिच्या तळाशी कालची राख. तिने ती पायाने फळीखाली सरकवली. ओव्याची डबी उचलून डाळींच्या डब्यांमागे ठेवली. मग काही काम नव्हतं तरी उभी राहिली, हात पदराला पुसत.

रोज दुपारी हर्षालीचा डोळा लागला की ताराबाई शेगडीत निखारे घालून आत यायची. त्यावर ओवा, बाळंतशोपा, हिरीने रानातून आणलेलं वावडिंग, थोड्या लसणीच्या साली. धूर दाटू नये म्हणून मागची खिडकी सताड उघडायची. एसी चालूच असायचा. तो बंद कसा करतात हे तिने कधी विचारलं नाही. बाळ त्या वेळी पडवीत हिरीजवळ. डॉक्टरांनी बाळाला धूर नको म्हणून सांगितलं होतं. बाळाच्या आईबद्दल ते काही बोलले नव्हते, आणि ताराबाईनेही त्यांना विचारलं नव्हतं.

शेगडी पलंगाखाली सरकवून ती पायथ्याशी बसायची. वरून गार वारा, खालून ऊब, मध्ये निळसर धुराचा एक पातळ थर. त्यात निजलेली लेक कधी तीस वर्षांची दिसायची, कधी तीन. कधी वाटायचं की ती हर्षाली नाहीच, आपणच आहोत, आणि पायथ्याशी बसलेली आपली आई आहे. मग ताराबाई हलक्या आवाजात बोलू लागायची. माहेराच्या विहिरीबद्दल. आईच्या हातांच्या वासाबद्दल. जागेपणी तिचं असलं बोलणं ऐकायला घरात कुणाला वेळ नव्हता. निजलेल्या माणसाला घाई नसते.

"मामी, जरा इकडे या," शेखरची हाक आली.

ती गेली. शेखर पुन्हा स्टुलावर होता. एसीचं झाकण वर उचललेलं, आणि तो आत बघतच राहिलेला. फिल्टरच्या जाळीवर पिवळट तपकिरी चिकट साय धरली होती. एक भोक मोकळं नव्हतं. त्याने जाळी ओढून काढली, तर मागे पांढराशुभ्र बर्फ. तांब्याच्या नळ्यांवर, पात्यांवर, वरपासून खालपर्यंत.

"आतमदी गारा पडल्यात गो," दारातून हिरी म्हणाली. बाळाला खांद्यावर घेऊन ती हळूच पुढे आली. सुदामने हात उंच करून एका कोपऱ्यातला तुकडा मोडला आणि तळहातावर धरला. बाहेर अंगणातली माती भाजत होती. तुकडा विरघळून पाणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं, तरी तो तसाच उभा होता.

"वाराच कोंडला होता," शेखर म्हणाला. "म्हणून बर्फ धरला." त्याने जाळी नाकाजवळ नेली. एकदा, मग पुन्हा. "हा वास कसला आहे?"

ताराबाईने तोंड उघडलं.

"मी सांगितलं आईला," पलंगावरून हर्षाली म्हणाली.

शेखर वळला.

"धुरी दे म्हटलं. दुपारी माझी कंबर धरते."

"धुरी? हर्षू, डॉक्टर तुझ्यासमोर बोलले होते."

"बाळाला नको म्हणाले. बाळ पडवीत असतं."

"मला सांगितलं नाहीस."

"तू नाही म्हणाला असतास."

ताराबाई लेकीकडे बघत राहिली. हर्षालीने मात्र तिच्याकडे पाहिलं नाही. ती ओढणीच्या टोकाने मानेवरचा घाम टिपत होती, जणू त्याहून महत्त्वाचं काम तिला नव्हतं. शेखरने बायकोकडे पाहिलं, मग सासूच्या हातांकडे. तिच्या अंगठ्याला राख लागली होती. तो जाळी घेऊन परसात गेला.

साबणाने साय निघेना. ताराबाई बाळाच्या दुपट्यांसाठी भिजवलेल्या रिठ्याचं पाणी घेऊन आली आणि वाडगा त्याच्याजवळ ठेवून मागे सरली. तो जुन्या ब्रशने घासत राहिला. पिवळं पाणी दगडावरून अळवाच्या मुळाशी गेलं.

"मामी," मान वर न करता तो म्हणाला, "बंद खोलीत निखारे वाईट. माणूस झोपेतच जातं."

"खिडकी उघडी असती. पूर्ण उघडी."

"तरी नको."

"नाय आणणार."

बर्फ विरेपर्यंत यंत्र बंद ठेवायचं होतं. खाली घमेलं ठेवलं. थेंब पडू लागले. मागची खिडकी उघडली, आणि सगळेच त्या खोलीत थांबले. सुदाम भिंतीला टेकला, हिरी उंबऱ्यावर, शेखर चटईवर आडवा झाला आणि बघता बघता झोपला. बाळही झोपलं. घमेल्यातला आवाज आधी कोरडा होता, मग पाण्यावर पाणी पडल्यासारखा. खिडकीबाहेर नागवी शेतं उन्हात थरथरत होती, आणि त्या थरथरीत बांधावरचं करवंदीचं झुडूप पाण्यात उभं असल्यासारखं दिसत होतं. किती वेळ गेला कुणास कळलं नाही. चार वाजून गेले होते, हे नक्की. शेखरला कुणी उठवलं नाही.

तो उठला, त्याने जाळी बसवली, रिमोट दाबला. थोड्या वेळाने हर्षालीने चादर पायावर ओढली.

संध्याकाळी तो एकटाच गाडीत बसला.

"सव्वा महिना होऊ दे," काच खाली करून तो सासऱ्याला म्हणाला. "मग येतो."

सोमवारी दुपारी ताराबाई रिकाम्या हातांनी आत आली. खिडकी लावलेली, खोली गार. हर्षाली डोळे मिटून पडली होती. ताराबाई पायथ्याशी बसली. धुराशिवाय तिला शब्द सुचेना.

"मग आजोबा परत गेले का?" हर्षालीने विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

"कुठले आजोबा?"

"बाबांचे बाबा. तुला न्यायला आले होते ना, लावणीसाठी. मी एवढीशी होते. तुझ्या आईने त्यांना सांगितलं, ताराला ताप आहे. शनिवारी तू गोष्ट तिथेच थांबवलीस."

ताराबाईचा हात पलंगाच्या कडेवर थांबला.

"तू झोपली नव्हतीस?"

"सांग ना."

ताराबाईने तिच्या पायावरची चादर सारखी केली.

"गेले," ताराबाई म्हणाली. "आत आले, माझ्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. त्यांना कळलं. आई समोरच उभी होती. ते ओटीवर बसून पाणी प्याले आणि म्हणाले, उतरला की धाडा. मुरबाडपर्यंत चालत गेले, भर पावसात."

"मग?"

"मग मी आणखी आठ दिवस निजले."

सव्वा महिना झाल्यावर हर्षाली आणि बाळ डोंबिवलीला गेली. बाळाचं नाव भूमिका. आता ती बालवाडीत जाते आणि गावाला आली की हिरीच्या गोष्टी मागते. पण हिरीचे गुडघे गेले, ती पाड्यावरून उतरत नाही. रानातलं वावडिंग तेवढं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवते. साईनाथने शहापूरला स्वतःचं दुकान टाकलं. शेखर फिल्टर स्वतःच धुतो. त्या दुपारी ती खरं बोलली का, हे त्याने बायकोला कधीच विचारलं नाही. हर्षालीला नंतर मुलगा झाला, तो डोंबिवलीतच. सुदाम मागच्या भाद्रपदात गेला.

ताराबाई आता त्या खोलीत दुपारची आडवी होते. शेतावर जाताना बायका रस्त्यावरून हाक मारतात. ती लगेच ओ देत नाही.