आबांच्या गाडीचं बॉनेट

माझ्या पोराने, नवीनने, भंगारवाल्याला बोलावलं आणि मला विचारलंसुद्धा नाही. सकाळी खळ्यात येते तर काय, टेम्पो उभा आणि दोन माणसं माझ्या आबांच्या गाडीला लाथा मारून बघताहेत! हातातला तांब्या तिथेच पडला.

"खबरदार हात लावाल तर! तुमच्या बापाची आहे का?"

ती माणसं अशी मागे सरकली की एकाची चप्पल तिथेच राहिली.

ती गाडी साधी नव्हे. लाल, दोन दारांची, छत मागे गुंडाळून ठेवायची, विलायती. माझ्या आबांचा धुळ्याला देवपुरात ट्रकांचा धंदा होता. एका गिरणीवाल्या शेठकडून त्यांनी ती घेतली आणि माझ्या लग्नात जावयाला दिली. रावेरकडच्या या गावात मी तिच्यात बसून आले, तेव्हा केळीच्या बांधावर बायका पदर नाकाला लावून धुरळ्यात उभ्या होत्या. ती ऐट मी आजवर सोडली नाही. का सोडावी?

वर्षभरात, मी माहेरी असताना, गाडी बंद पडली. "पार्ट विलायतेहून यायचा आहे," असं हे सांगायचे. हे म्हणजे तोताराम, नवीनचे नाना, आता नाहीत. पार्ट काही आला नाही. गाडी शेडमध्ये गेली. पोरं खेळतात म्हणून यांनी बॉनेटला साखळी घालून कुलूप ठोकलं. मी मात्र दर दसऱ्याला त्या बॉनेटवर हळदीकुंकू वाहायची, नारळ फोडायची, आणि सगळे भाऊबंद हात जोडून मागे उभे असायचे.

"माय, गंजून चाळण झाली तिची," नवीन म्हणाला. "मला केळी भरायला जागा पाहिजे."

"गंज तुझ्या डोक्याला चढलाय. धुळ्याहून मिस्त्री बोलाव, जुन्या गाड्या करणारा. तो म्हणाला नीट होईल, तर करायची. तो म्हणाला होत नाही, तर ने खुशाल. चार लोकांत शब्द देते."

दोन दिवसांनी सुकदेव मिस्त्री आला. माझी धाकटी जाऊ यशोदा चहा घेऊन आली, तिच्यामागे अर्धी गल्ली आली. मिस्त्रीने दार ओढलं, तर दार त्याच्या हातातच आलं. मी म्हटलं, "दाराचं काय एवढं? बिजागरी बदला." आणि गाडी अजून धडधाकट आहे हे दाखवायला मी आत जाऊन बसले. पाय टेकवला, तर पाय पत्र्यातून आरपार खाली, मातीत! पापड मोडावा तसा आवाज झाला. नवीन आणि मिस्त्रीने दोन्ही बाजूंनी धरून मला वर काढलं. गल्लीतलं कुणी हसलं नाही, म्हणून वाचले.

"अक्का, तळ गेला," मिस्त्री म्हणाला. "पण तळ नवा टाकता येतो. इंजिन धड असेल तर मी गाडी उभी करतो. बॉनेट खोला."

"ऐकलंस, नवीन? कुलूप काढ."

"किल्ली नाही, माय. नानांबरोबर गेली ती. राहू दे ना आता."

"तोड मग!"

"अक्का, कशाला?" यशोदा म्हणाली. कपबशांचं ताट घेऊन ती माझ्या आणि गाडीच्या मध्ये आली. "ऊन लागेल तुम्हाला, घरात चला."

"मला ऊन लागत नाही. तोडा, मिस्त्री."

साखळी तुटली. बॉनेट किरकिरत वर गेलं. मिस्त्रीने आत डोकावलं आणि तो तसाच वाकून राहिला.

"अक्का, आठे तं काहीच नही शे!"

मी त्याला बाजूला सारलं. आत इंजिन नव्हतं. खालची जमीन दिसत होती, तिच्यावर कोंबडीची पिसं. एवढी वर्षं मी नारळ फोडले ते या रिकाम्या पेटीवर!

"चोरी!" मी ओरडले. "नवीन, पोलिसांना फोन लाव!"

नवीनने फोन काढला नाही. तो खाली बघत होता. मी गल्लीकडे बघितलं. बठ्ठे, लहानथोर सगळे, खाली बघत होते.

शेवटी यशोदाच बोलली. "अक्का, चोरी नाही. नवीनच्या वेळी तुम्ही बाळंतपणाला धुळ्याला होतात. इकडे विहिरीवरचं इंजिन जळालं, लाइट नाही, अन् केळी निसवत होती, घड बाहेर पडत होते. पाण्यावाचून जागच्या जागी सुकले असते. मग गाडीचं इंजिन काढून पट्ट्याने पंपाला जोडलं. रॉकेलवर चालवलं बिचारं. बाग जगली, अन् पावसाळ्याच्या तोंडाला हे पण जळून गेलं."

"माझ्या आबांनी दिलेली गाडी! मला न विचारता? आबांना कळलं असतं तर तुझ्या भावजींना उभं फाडलं असतं त्यांनी!"

यशोदाने ताट खाली ठेवलं. "आबांनीच त्यांचा मिस्त्री आणला होता, अक्का. ते स्वतः आले होते. पाना त्यांच्याच हातात होता."

मी बॉनेटची कड धरली. आबा! मी पलंगावर नवीनला घेऊन पडलेली, आणि ते रात्री येऊन माझ्याशेजारी बसले, हाताला ग्रीसचा वास. विचारलं तर म्हणाले, ट्रकाचं काम होतं.

"मला सांगायला जिभा झडल्या होत्या का तुमच्या?"

"सासूबाई म्हणाल्या, ओल्या बाळंतिणीला वाईट सांगू नये, दूध आटतं. सव्वा महिना झाला की सांगू. मग तुम्ही घरी आलात अन् आल्या आल्या गाडीला ओवाळलं. मग कुणाची हिंमत होणार?"

"नवीन, तुला?"

"नानांनी शपथ घातली होती, माय. दहावीत होतो."

मिस्त्री हळूच म्हणाला, "अक्का, दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवता येईल. तुम्ही म्हणाल तसं."

मी त्या रिकाम्या जागेकडे पुन्हा बघितलं. वायरींच्या टोकांना एकेक गाठ मारलेली होती, घट्ट, आबा ट्रकांच्या वायरींना मारायचे तशी. ज्या माणसाने गाडी दिली, त्यानेच ती खोलली होती. बाग आधी, गाडी मागून, हे त्याने ठरवलं होतं, आणि मी पोरीसारखी गाडीला चिकटून बसले होते.

"नको," मी म्हटलं. "आबांनी जे काढलं ते मी का बसवू? नवीन, टेम्पो बोलाव."

नवीन फोन लावायला वळला. मी यशोदाचा दंड धरला.

"आणि तू गं? एवढं पोटात ठेवून चाळीसच्या वर वर्षं माझ्यासमोर भाकरी खाल्लीस. अजून काय काय माहीत आहे तुम्हा बठ्ठ्यांना, जे मला माहीत नाही?"

यशोदाने माझ्याकडे बघितलं, गल्लीकडे बघितलं, आणि दंड सोडवून घेऊन पटकन कपबशांचं ताट उचलून घराकडे निघाली. त्यांतला चहा अजून कुणी प्यायलाही नव्हता.