सोळा जणींचं एकमत

शहरातल्या सहा अ‍ॅम्ब्युलन्स-थांब्यांपैकी एक बंद करायचा होता, आणि कुठला ते ठरवायचं काम नियोजन विभागातल्या धाकटीच्या गळ्यात पडलं होतं. घरातलं हे नाव ऑफिसातही चिकटलं होतं, कारण टेकडीवरच्या थांब्यावर नर्स असलेली तिची ताई ऑफिसच्या फोनवर सरळ "धाकटी आहे का?" असंच विचारायची.

कुठला थांबा बंद केला आणि उरलेले पाच थोडे कुठे सरकवले तर गाडी रोग्यापर्यंत लवकर पोचेल, याचा प्रोग्राम धाकटीने लिहिला. असल्या गणितात खड्डे फार, आणि खड्डा जितका खोल तितकं उत्तर चांगलं. प्रोग्राम निघाल्या जागेजवळच्या खड्ड्यात उतरतो आणि खुशाल सांगतो, याहून खोल काही नाही. म्हणून एकाच वेळी सोळा प्रोसेस, म्हणजे त्याच प्रोग्रामच्या सोळा प्रती, सोडायच्या, प्रत्येकीने वेगळ्या जागेवरून निघायचं, आणि शेवटी सगळ्यांत चांगलं उत्तर उचलायचं. सोमवारी सोळाही जणी एकच उत्तर घेऊन आल्या: टेकडीवरचा थांबा बंद करा.

ताईला तिने स्वतःच सांगितलं. ताई एवढंच म्हणाली, "वरच्या वस्तीत गाडी यायला पंचवीस मिनिटं लागतील. हार्ट अटॅक तेवढा वेळ थांबतो का गं?" त्यानंतर तिचा फोन नाही.

धाकटीला जेवण गोड लागेना. कुठेतरी चुकलंय असं सारखं वाटत होतं, पण ते ताईपायी वाटतंय, हेही कळत होतं. बहिणीचा थांबा वाचवायला आकडे उकरले असं कोणी म्हणालं असतं, तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून ती गप्प बसली. शुक्रवारी चारला साहेब अहवालावर सही करणार होते.

शुक्रवारी तीनला तिने अहवालाला जोडायचा तक्ता छापला. सोळा ओळी, सरासरी अकरा मिनिटं चाळीस सेकंद, आणि पुढचे दशांशाचे बाराही आकडे प्रत्येक ओळीत तेच. घरी चौघांचं पंख्याच्या वेगावर एकमत होत नाही, आणि इथे सोळा जणींचं बाराव्या आकड्यापर्यंत? वेगळ्या वाटांनी एकाच खड्ड्यात उतरणाऱ्याही शेवटच्या आकड्यांत थोड्या इकडेतिकडे होतातच.

तिने कोड उघडला. चाचणीत दर वेळी तेच उत्तर यावं म्हणून तिने रँडम आकड्यांचा सीड, म्हणजे निघायची जागा ठरवणारा आकडा, सातवर बांधून ठेवला होता, आणि तो सोडायचा राहून गेला होता. सोळाही जणी एकाच जागेवरून निघाल्या होत्या. एकीचं काम सोळा जणींनी केलं होतं.

प्रत्येकीला वेगळा सीड देऊन तिने पुन्हा चालवलं. वीस मिनिटांनी सोळा जणींचे सात पक्ष झाले होते. तिघींनी टेकडी उडवलीच होती. पण सगळ्यांत चांगलं उत्तर दहा मिनिटं पाच सेकंदांचं होतं: पुलाजवळचा थांबा बंद करा, तिथे दोन्ही बाजूंच्या थांब्यांवरून चार मिनिटांत गाडी येते. धाकटीचा जीव भांड्यात पडला.

साहेबांसमोर दोन्ही तक्ते ठेवून ती म्हणाली, "चूक माझी आहे. आणि टेकडीवर माझी बहीण आहे, तेही लिहून ठेवा."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "बरं झालं आत्ता सांगितलंस. सही झाली असती तर दोघांनाही जन्मभर पुरलं असतं. शेजारच्या टेबलावरच्याकडून एकदा चालवून घे. सोमवारी बघू."

शेजारच्याने आपले सीड घालून चालवलं. उत्तर पुलाचंच आलं. सोमवारी सही झाल्यावर धाकटीने फोन लावला.

सगळं ऐकून ताईने विचारलं, "माझ्यासाठी केलंस?"

"नाही गं. दुसऱ्याने तपासलंय. तिघींनी तर तुला हाकललंच होतं."

ताईने नाक ओढलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "माझ्यासाठी केलं असतंस तर मी घेतलं नसतं. पुलापाशीही माणसंच राहतात."